पिवळ्या कड्याचा नर

अंडी उबवायच्या पेटीत ठेवल्यावर विसाव्या दिवशी बाबांनी मला ती बघायला मागच्या खोलीत बोलावलं. तिथल्या खिडकीवर त्यांनी बाइंडिंगचं काळं कापड ठोकलं होतं, त्यामुळे भर दुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसलं नसतं. सरस, जुना कागद आणि पिसं यांचा मिळून तिथे एक वास असतो. तो तिन्हींचा वेगवेगळा आहे हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं.

"टॉर्च नीट धर. थरथरतेस काय?"

"तुमचा हात बघा आधी."

"म्हणून तर तुला बोलावलं. नाहीतर तुझ्या हातात अंडं देणार कोण?"

गिनी कोंबडीचं अंडं लहान, तपकिरी, एका टोकाला निमुळतं असतं आणि त्याचं कवच इतकं जाड की उजेड आत जायला का कू करतो. बाबा एकेक अंडं टॉर्चच्या तोंडावर ठेवत. आत काळसर गोळा आणि त्याच्या कडेने हललेली एखादी सावली दिसली की "आहे" म्हणत. सोळातून तीन बाजूला निघाली. उरलेली तेरा त्यांनी पुन्हा पेटीत मांडली. प्रत्येकावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला होता. दिवसातून तीनदा अंडी उलटायची, सगळ्या फुल्या वर किंवा सगळे गोल वर, म्हणजे एकही चुकत नाही.

"यातून काय निघणार?" मी विचारलं.

"करडी. अजून काय निघणार? बाप करडा, आया करड्या." मग म्हणाले, "खरं म्हणजे ही अंडी घालायलाच नको होती. बापलेकीची आहेत. पण कुत्र्याने बाकी ठेवलंय कोण?"

मागच्या वर्षी रस्त्यावरचं एक कुत्रं जाळी उचकटून आत शिरलं होतं. वीस पक्ष्यांतून तीन वाचले. पिवळ्या कड्याचा म्हातारा नर आणि त्याच्याच दोन लेकी. एरवी बाबा बापलेकींना कधी एकत्र ठेवत नसत, लेकींसाठी बाहेरून नर आणत. तो नरही कुत्र्याने मारला.

पेटीचं झाकण लावून ते खाली बसले आणि पेटीतल्या दिव्याची टिकटिक ऐकत राहिले. तापमान वाढलं की दिवा आपोआप बंद करणारा तो खटका घड्याळवाल्या काकांनी बनवून दिला होता. दहा वर्षांत तो एकदाही बिघडला नाही.

"चीज बनवलीय मात्र," बाबा म्हणाले. "माणूस लबाड, पण हात सोन्याचा."

मी टॉर्च बंद केला.

"जाऊन यावं म्हणतो एकदा त्याच्याकडे."

"कशाला?"

"भांडायला." ते हसले. "आठ वर्षं झाली. आता जाऊन मनसोक्त भांडावं आणि त्याच्या सुनेच्या हातचा चहा पिऊन यावं. उद्या तू बसमध्ये बसलीस की जातो."

तेव्हा सांगता आलं असतं. अंधार होता, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नव्हता. बोलण्याचं दार त्यांनी स्वतःच अर्धं उघडलं होतं. मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

"ठेव," ते म्हणाले.

*

काय सांगायचं होतं, ते इथे लिहिते.

बाबा बाइंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची पुस्तकं शिवली. एकदा आनुवंशिकतेवरचं एक जाड पुस्तक बांधायला आलं आणि त्याचा मालक परत आलाच नाही. बाबांनी दोन वर्षं वाट बघितली, मग वाचायला घेतलं. तोवर मागच्या अंगणात गिनी कोंबड्या होत्याच. त्यांच्या आरड्याओरड्यावरून शेजारच्या काकूंशी आमचं आठवड्याला एक भांडण ठरलेलं असे. पण त्या पुस्तकानंतर बाबा त्या कोंबड्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. स्वतः शिवलेल्या एका लांबट वहीत त्यांनी प्रत्येक पिल्लाचा बाप, आई आणि रंग लिहायला सुरुवात केली.

मला त्यांनी समजावलं ते असं. प्रत्येक पक्ष्यापाशी रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक बापाकडून आलेली, एक आईकडून. करडा रंग, म्हणजे अंगभर पांढरे ठिपके असलेला नेहमीचा, दांडगा असतो. त्याची एक चिठ्ठी असली तरी पक्षी करडा दिसतो. दुसरा एक फिका, निळसर राखी रंग असतो. पुस्तकात त्याला लव्हेंडर म्हटलं होतं, बाबा धुरकट म्हणायचे. तो दिसायला दोन्ही चिठ्ठ्या धुरकटच लागतात. एकच असली तर पक्षी ती पोटात ठेवून जन्मभर करडा म्हणून वावरतो, आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. "पांढऱ्याचं तसं नाही," बाबा म्हणायचे. "त्याची एक चिठ्ठी असली तर छाती तरी पांढरी होतेच. पांढऱ्याला लपता येत नाही. धुरकट मात्र पक्का आतल्या गाठीचा."

असा आतल्या गाठीचा एक नर घड्याळवाल्या काकांनी आम्हाला दिला. काकांचं दुकान आमच्या दुकानापासून चार दारं सोडून होतं. बाबांसारखंच त्यांनाही या पक्ष्यांचं वेड होतं. दर रविवारी दोघं अंगणात स्टुलावर बसून कोण नर, कोण मादी यावर वाद घालत, कारण गिनी कोंबड्यांत नर-मादी दिसायला सारखेच. ओळख आवाजावरून. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच. "माझ्या घरीही हाच हिशेब आहे," काका म्हणत, आणि बाबा दरवेळी नव्याने ऐकल्यासारखे हसत.

"याची आई धुरकट आहे," काका तो नर देताना म्हणाले होते. "म्हणजे एक चिठ्ठी आत आहेच. लिहून देऊ का?"

"तू लिहून देशील ते मी बांधून ठेवीन," बाबा म्हणाले.

बाबांनी त्या नराच्या पायात हिरवं कडं घातलं. त्याच वयाच्या आमच्या घरच्या एका नराला पिवळं. दोघंही करडे. कडी नसती तर त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं बाबांनाही जमलं नसतं.

मी एकोणीस वर्षांची होते, सुट्टीला आले होते. पक्ष्यांचे पाय वाढले की कडी आवळतात, मोठ्या मापाची घालावी लागतात. बाबा दुकानाला जाताना सांगून गेले, "एक पक्षी धर, जुनं कापून काढ, नवं घाल, सोडून दे. मग दुसरा." नियम एवढाच होता, एका वेळी एक. मी तेव्हा एक कादंबरी वाचत होते, शेवटची साठेक पानं राहिली होती. दोन्ही नर मी एकाच टोपलीत घातले आणि दोघांची कडी एकापाठोपाठ एक कापली, म्हणजे काम लवकर उरकेल. मग नवी दोन कडी हातात घेऊन वर बघितलं, तर टोपलीतून दोन सारखीच डोकी माझ्याकडे बघत होती.

मी अंदाजाने घातली. एकाच्या गालाखालची लाल कातडी जरा मोठी वाटली, त्याला हिरवं. नंतर कादंबरी पूर्ण केली. तिचं नाव आता आठवत नाही.

संध्याकाळी बाबांनी कडी बघितली आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चूक माहीत नाही." ते तसं नेहमीच म्हणत. सांगून टाकायला ती वेळ सगळ्यांत सोपी होती. नंतरची प्रत्येक वेळ तिच्याहून अवघड होत गेली.

पुढच्या वर्षी त्यांनी खास एक धुरकट मादी आणली आणि हिरव्या कड्याच्या नराबरोबर ठेवली. पोटात एक चिठ्ठी असलेला नर आणि धुरकट मादी, म्हणजे निम्मी पिल्लं धुरकट निघायला हवीत. तीन खेपांत एकतीस पिल्लं निघाली. एकतीसही करडी.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. काकांचा शब्द खरा असून असं घडण्याची शक्यता दोनशे चौदा कोटींत एक. म्हणजे एकतर काका खोटं बोलले होते, नाहीतर माझी कडी उलटी पडली होती. बाबांना यातला एकच पर्याय माहीत होता.

त्यांनी तो नर टोपलीत घातला आणि मला म्हणाले, "चल." टोपलीचा एक कान त्यांनी धरला, एक मी. काकांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाबांनी टोपली काउंटरवर, उघडलेल्या घड्याळांच्या शेजारी ठेवली.

"एकतीस," बाबा म्हणाले. "एकही नाही. घे तुझा नर."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. पक्षी बाहेर काढून उलटा केला, पाय बघितले, पंख ताणून बघितला.

"हा माझा नव्हे," ते म्हणाले.

"आता हेही?"

"अरे, मी वाढवलाय त्याला. हा माझा नव्हे."

"माझ्या पोरीने कडं घातलंय त्याला. तिला विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हिरवंच आहे." ते खरं होतं. कडं हिरवंच होतं.

त्या दिवसापासून बाबा दुकानाला मागच्या गल्लीने जाऊ लागले. पाच मिनिटांचा रस्ता पंधराचा झाला. धुरकट मादी आणि ती एकतीस पिल्लं त्यांनी दूरच्या एका शेतावर देऊन टाकली. वहीत त्या पानावर आकडे आहेत आणि खाली एक ओळ: "घड्याळ्याने फसवलं." अख्ख्या वहीत रंग आणि संख्या सोडून लिहिलेली ती एकच ओळ.

मी पुढे शिकले, दुसऱ्या गावी ग्रंथालयात नोकरीला लागले. सुट्टीत येत होते. कधीकधी मी स्वतःला सांगायची की दोनपैकी एक शक्यता काकांच्या खोटेपणाचीही आहेच. त्या आडोशाला मी आठ वर्षं उभी राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी उजाडल्यापासून ओरडत होते. ते कशालाही ओरडतात. घार, वर्तमानपत्रवाला, वाऱ्याने हललेली पिशवी. माझी बस नऊची होती. मी चहा केला, खिडकीतून त्यांना "गप्प बसा रे" म्हणाले, बॅग भरली. बाबा उठत नाहीत हे साडेसातला लक्षात आलं. इतक्या उशिरापर्यंत त्यांनी पक्ष्यांना कधीच उपाशी ठेवलं नव्हतं.

ते कुशीवर होते. हात उशीखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटे केव्हातरी, त्रास झाला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. पण मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

पुढचे दिवस लोकांचे होते. मी सगळ्यांशी नीट बोलले. मध्येच उठून मागच्या खोलीत जायची आणि अंडी उलटायची, सकाळी फुल्या, दुपारी गोल, संध्याकाळी पुन्हा फुल्या. बाबांना निरोप दिला त्या दिवशी दुपारची वेळ दोन तासांनी चुकली. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या तेव्हा मी हात पुसत बाहेर येत होते.

"अजून त्या अंड्यांतच?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "इतकी वर्षं मी त्या पाखरांना शिव्या घातल्या. काल ती ओरडली नाहीत, तर मला झोप लागेना. बघ माझी तऱ्हा."

"आज ओरडतील," मी म्हणाले.

"ओरडू देत गं."

घड्याळवाले काका आले नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलं असणारच. मी सांगितलं नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत अकरा पिल्लं बाहेर होती, दोन अंडी तशीच राहिली. पेटीतल्या पिवळ्या उजेडात सगळी ओली आणि एकाच रंगाची दिसत होती. सुकल्यावर मी झाकण उघडलं. नऊ तपकिरी, पाठीवर काळे पट्टे, जशी नेहमी असतात. दोघांच्या पाठीवर पट्टे होते, पण अंग फिकं, राखेसारखं.

मला वाटलं उजेडाचा दोष असेल. त्या दोघांना तळहातावर घेऊन अंगणाच्या दारात आले. उन्हातही ती राखीच होती.

मी पायरीवर बसले. ती दोघं माझ्या हातात उबेला शिरू बघत होती. धुरकट व्हायला दोन्हीकडून चिठ्ठी यावी लागते. लेकीकडून आली, म्हणजे ती लेकीला तिच्या बापाकडून मिळालेली. आणि बापाकडूनही आली. बाप म्हणजे जाळीच्या आत उभा असलेला तो म्हातारा, एका पायाने लंगडणारा, पायात पिवळं कडं असलेला. आमच्या घरच्या वाणात बाबांनी वर्षानुवर्षं सगळी पिल्लं लिहून ठेवली होती, त्यात एकही धुरकट नव्हतं. हा आमच्या घरचा नव्हता. हा काकांचा होता. त्यांनी दिलेला नर आठ वर्षं आमच्याच अंगणात होता, आणि बाबा रोज त्याला दाणे घालत होते.

वही काढली. तारीख लिहिली. "नऊ करडी, दोन धुरकट." पुढच्या रकान्यात नर लिहायचा असतो. तिथे पेन थांबलं. पिवळा लिहिलं तर वहीच्या दृष्टीने बरोबर, आणि वहीतली आठ वर्षांपूर्वीची ओळही तशीच बरोबर राहणार. मी रकाना कोरा ठेवला. बाबांच्या वहीत कोरा रकाना एकही नाही.

*

काकांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. काका वर राहतात. दार सुनेने उघडलं.

"कोण पाहिजे?"

मी "काका आहेत?" एवढंच म्हणाले, तोच आतून आवाज आला, "बाइंडरची पोरगी ना ती? ये, ये. जिन्याला दमलीस वाटतं."

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. डोळ्यांत दुधासारखी साय आली होती. मी समोर बसले तेव्हा त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, पण जरा बाजूला, माझ्या खांद्याकडे.

"मी आलो होतो," ते म्हणाले. "तुमच्या कोपऱ्यापर्यंत. मुलाचा हात धरून. मग म्हटलं, नको. त्याला आवडलं नसतं. असा उठून बसला असता आणि म्हणाला असता, घ्या, आला लबाड."

"नसते म्हणाले."

"तू त्याला काय ओळखतेस? मी ओळखतो." त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. "खूप त्रास झाला का गं?"

"झोपेत गेले."

"मग ठीक." खिडकीकडे वळून म्हणाले, "पक्षी आहेत अजून?"

"आहेत."

"तो नर माझ्याकडे सहा वर्षं होता. तुम्ही टोपलीतून आणून टाकलेला. चांगला होता बिचारा. त्याच्यावर राग काढून काय करणार?"

सुनेने पाण्याचा पेला ठेवला आणि ती आत गेली. काका आतल्या दाराकडे कान देऊन थांबले, मग पुढे झुकले.

"एक सांगायचं होतं तुझ्या बाबाला. राहिलं. आता तुला सांगतो, म्हणजे माझ्या जिवाला बरं. त्या दिवशी मी ठणकावून म्हटलं ना, हा माझा नव्हे? तेव्हा खात्री होती. पण आठ वर्षं एकच गोष्ट उलटसुलट केली की खात्री झिजते. तुम्हाला नर दिला त्याच आठवड्यात मी बाजारातून एक आणला होता, त्याच वयाचा. दोघं एकाच खुराड्यात. मला वाटतं, मीच चुकीचा टोपलीत घातला. उचलताना बघितलं नसेल. तुझ्या बाबाला मी लबाड वाटलो, लबाड नव्हतो गं, पण चुकलो मीच असणार. दुसरं कसं होईल? कडी तर तू घातली होतीस. तुझा बाबा म्हणायचा, पोरीच्या हाताला चूक माहीत नाही."

ते थोडं हसले. त्यांना हलकं वाटलेलं दिसत होतं. मी मान हलवली असती तर ते तेवढ्यावर निजले असते, आणि माझंही झालं असतं. खाली दुकानात कुणीतरी कव्हरची किंमत कमी करायला सांगत होतं.

"पाणी पी," काका म्हणाले.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही दिलेला नर बरोबर होता. त्याची आई धुरकट होती, तुम्ही म्हणालात तसंच. मला बाबांनी एका वेळी एकाचं कडं बदलायला सांगितलं होतं, मी दोघांची एकदम कापली. मग कुठला कोण मला कळेना, आणि मी अंदाजाने घातली. एकतीस पिल्लं निघाली तेव्हाच मला समजलं होतं. त्या दिवशी दुकानात तुम्ही दोघांनी मला विचारलं, तेव्हाही मला माहीत होतं. मी बाबांना सांगितलं नाही. गेले त्याच दिवशी ते तुमच्याकडे येणार होते, आणि मी आदल्या दिवशीसुद्धा सांगितलं नाही."